तामिळनाडूत ताडीची दुकाने का नाहीत?

चेन्नई : केरळमधील गावोगावची ताडीची दुकाने आणि तेथे मिळणारा उकडलेला कप्पा व माशांची तिखट आमटी यांचा आस्वाद घेत फिरणाऱ्या पर्यटकाची भटकंती तामिळनाडूच्या सीमेवर संपते. माड आणि ताड दोन्ही राज्यांत आहेत. फरक आहे तो कायद्याचा.

तामिळनाडूत १ जानेवारी १९८७ पासून ताडीवर बंदी आहे. ताडीत घातक रसायनांची भेसळ होते आणि प्रत्येक गावात ती तपासणे अशक्य असते, हा बंदीमागील मुख्य युक्तिवाद आहे. मात्र कारखान्यात तयार झालेले मद्य ‘टास्मॅक’ हे सरकारी महामंडळच विकते. २००३ पासून किरकोळ विक्रीची मक्तेदारीही त्याच्याकडे आहे. शेतकरी आणि झाडावर चढून रस काढणारे कामगार नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवतात.

पोयीतून ठिबकणारा रस मुळात गोड असतो. मडक्याला आतून चुना लावला की तो आंबत नाही आणि नीरा मिळते. तमिळमध्ये तिला ‘पदनीर’ म्हणतात आणि तिच्यावर बंदी नाही. चुना नसेल तर काही तासांतच त्याच रसाची ताडी होते आणि रस काढणारा गुन्हेगार ठरतो.

जून २०२४ मध्ये कळ्ळकुरिची येथे विषारी दारूने ६० हून अधिक बळी घेतल्यानंतर ताडीबंदी उठवण्याची मागणी पुन्हा पुढे आली. ताड हा तामिळनाडूचा राज्यवृक्ष आहे. त्यावर चढण्याचे कौशल्य मात्र पुढच्या पिढीकडे जाईलच, याची शाश्वती उरलेली नाही.