दंड कमवायचे, पण कसे?

'दंड' या शब्दाला मराठीत निदान तीन अर्थ आहेत. खांदा आणि कोपर यांच्यामधला हाताचा भाग हा एक, तालमीत काढतात तो व्यायाम हा दुसरा आणि पुस्तक उशिरा परत केल्यावर ग्रंथपाल वसूल करतात तो तिसरा. तिसऱ्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. पहिल्याच्या बाबतीत मात्र आपल्या वर्गात दुष्काळच आहे. बाही दुमडून बेटकुळी काढून दाखव म्हटले, की निम्मी मुले विषय बदलतात. प्रस्तुत लेख अशा काटकुळ्या मित्रांसाठी आहे. मी त्यांच्यापैकीच एक. प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा माझे वजन ४७ किलो होते आणि दंडाचा घेर साडेनऊ इंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील धान्याच्या बाजारात हमाली करतात. आमच्या गल्लीत शिक्षणावर एक आक्षेप ठरलेला आहे : "पोरगं कॉलेजात गेलं आन् वाळलं." सुट्टीत बापाच्या हाताखाली उभे राहून पोत्याला हातही लावता आला नाही, तर लोक दोष पुस्तकांनाच देणार! धाकट्या बहिणीच्या पुढील शिक्षणाचा प्रश्न घरात निघतो तेव्हा हा आक्षेप हमखास पुढे येतो. म्हणून दंड कमवायचे ठरवले. व्यायामशाळेची फी परवडणारी नव्हती. तेव्हा जे काही केले ते घरीच.

आता मुद्द्याकडे वळू. बेटकुळी म्हणजेच दंड, असा पुष्कळांचा समज असतो. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू म्हणजे बायसेप्स. तो कोपर वाकवतो. मागच्या बाजूचा ट्रायसेप्स कोपर सरळ करतो. दंडाच्या एकूण जाडीत ट्रायसेप्सचा वाटा निम्म्याहून बराच जास्त असतो. म्हणून नुसती वजने वरखाली करणाऱ्याचे काम अर्धेच होते. ढकलण्याचा आणि ओढण्याचा, असे दोन्ही व्यायाम हवेत.

दुसरी गोष्ट, स्नायू वाढतो तो सवयीपेक्षा जास्त भार पडल्यावर. प्राचीन ग्रीसमधील मायलो नावाच्या मल्लाची दंतकथा आहे. तो म्हणे एक वासरू रोज खांद्यावर घेई. वासराचा बैल झाला, तसा मायलोही वाढला. कथा खरी असो वा नसो, तत्त्व खरे आहे. रोज तेच वीस जोर वर्षभर काढले, तर शरीर तेवढ्यापुरतेच तयार होते आणि तेथेच थांबते.

साधने घरातलीच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेव्हा पाच लिटरचा कॅन हा उत्तम डंबेल होय. पाणी कमीजास्त करून वजन ठरवता येते. दप्तरात पुस्तके भरली की दुसरे साधन तयार. (पुस्तके ग्रंथालयाची असल्यास मुदतीत परत करावीत, नाहीतर तिसऱ्या अर्थाचा दंड होतो!) कडुलिंबाची मजबूत फांदी असल्यास सोन्याहून पिवळे.

व्यायाम चार. पहिला, छाती जमिनीकडे नेऊन हातांवर वर येण्याचा साधा जोर. यात शरीराच्या सुमारे दोन तृतीयांश वजनाचा भार हातांवर येतो, म्हणून नवख्याला तो जड जातो. त्याने आधी भिंतीला, मग ओट्याला हात टेकून सुरुवात करावी आणि मग जमिनीवर उतरावे. हात थोडे जवळ घेतले की ट्रायसेप्सवर ताण वाढतो. दुसरा, कॅन हातात धरून कोपर न हलवता हात वाकवणे. तिसरा, दप्तर दोन्ही हातांनी डोक्यामागे धरून कोपर सरळ करणे. चौथा, तळवे आपल्याकडे करून फांदीला लोंबकळणे आणि हनुवटी वर नेणे. हे जमत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी वर ठेवावी आणि सावकाश खाली यावे. मला पहिली हनुवटी वर न्यायला तीन महिने लागले.

प्रत्येक व्यायामाच्या तीन फेऱ्या, फेरीत आठ ते पंधरा वेळा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. शेवटचे दोन-तीन जड गेलेच पाहिजेत. तिन्ही फेऱ्यांत पंधरा जमले की कॅनमध्ये अर्धा लिटर पाणी वाढवावे. आठवड्यातून तीन दिवस पुरे : सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोबत बैठकाही काढाव्यात. नुसते दंड आणि खाली काड्या, असे ध्यान बरे दिसत नाही.

येथे एक शंका येईल. आमचे वडील दिवसभर पन्नास किलोंची पोती वाहतात. मग त्यांचे दंड पहिलवानासारखे का नाहीत? एक तर पोत्याचा भार मुख्यतः पाठीवर आणि पायांवर असतो. दुसरे असे, की व्यायामात स्नायूला फक्त चेतना मिळते. तो भरतो विश्रांतीत आणि अन्नावर. हमालाला आज थकलो म्हणून उद्या सुट्टी नसते आणि कष्टाच्या मानाने ताटातही कमीच असते. कष्ट आणि व्यायाम यांतला हा फरक मला स्वतः व्यायाम करू लागल्यावर कळला. विश्रांती ही चैन आहे हे त्याआधी कधी लक्षातच आले नव्हते.

तेव्हा झोप सात-आठ तास हवी आणि खाणे पोटभर. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. म्हणजे ५० किलोंच्या मुलाला ७५ ते ८० ग्रॅम. त्यासाठी महागड्या पावडरीचा डबा लागत नाही. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत सुमारे २५, मूठभर (५० ग्रॅम) शेंगदाण्यांत १२, दोन अंड्यांत १२ आणि पाव लिटर दुधात ८ ग्रॅम प्रथिने असतात. उरलेली गरज भाकरी, डाळ आणि मटकीची उसळ भागवतात.

धोक्याच्या सूचना थोडक्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात कळ आली मात्र थांबावे. अतिरेकानंतर असह्य दुखून लघवी काळपट झाली, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. झटपट फुगवणारी इंजेक्शने कोणी देऊ केली, तर चार हात दूर राहावे. ती हृदयावर आणि यकृतावर उठतात.

पहिल्या महिन्यात ताकद वाढते, पण टेपला फरक कळत नाही. त्या वेळी मज्जासंस्था काम शिकत असते. घेर दिसायला दोन-तीन महिने लागतात. माझे वजन दहा महिन्यांत ५२ किलो झाले आणि घेर पावणेअकरा इंच. हे काही फार नव्हे. पण गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले तेही ५७ किलोंच्या गटात, हे आपण हलक्या वजनाच्यांनी ध्यानात ठेवावे.

कोणाला जोर नीट जमत नसतील, तर त्याने सकाळी साडेसहाला जिमखान्यामागच्या मैदानावर यावे. आम्ही तिघे तेथे असतो. चौथ्याला जागा आहे. कॅन मात्र आपापला आणावा.