फॉरेस्टल यांची खुर्ची

२६ जुलै १९४७. वॉशिंग्टनच्या विमानतळावर राष्ट्राध्यक्षांचं ‘सेक्रेड काऊ’ विमान उड्डाणासाठी सज्ज होतं. हॅरी ट्रुमन यांच्या आई मिझुरीत शेवटच्या घटका मोजत होत्या. तरी राष्ट्रीय सुरक्षा कायद्याची प्रत हाती येईपर्यंत ते थांबले, विमानातच सही केली आणि मग निघाले. आईची भेट झाली नाही.

ज्या कायद्यासाठी एवढा जीव टाकला, तो त्यांना हवा तसा झालाच नव्हता.

पर्ल हार्बरला लष्कराचा सेनापती वेगळा, नौदलाचा वेगळा, आणि दोघांच्या वर तिथं कुणीच नाही. ही चूक पुन्हा नको म्हणून लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी १९४३ मध्येच सगळ्या दलांसाठी एकाच खात्याची कल्पना मांडली. १९ डिसेंबर १९४५ रोजी ट्रुमन यांनी काँग्रेसकडे तशी मागणी केली. ते स्वतः पहिल्या महायुद्धातले तोफखान्याचे कॅप्टन. पंच लष्कराकडचाच आहे, असं नौदलाला वाटलं. अगदीच चूक नव्हतं ते.

नौदलाची धास्ती साधी होती. नवं हवाई दल आपली विमानं गिळणार आणि लष्कर मरीन कोअरचे पंख छाटणार. नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल वॉल स्ट्रीटवर मुरलेले. नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि मित्र फर्डिनंड एबरस्टाट यांच्याकडून पर्यायी आराखडा करून घेतला. खाती वेगळीच राहू द्या, मेळ समित्यांतून घाला. राष्ट्रीय सुरक्षा परिषद त्या आराखड्यातलीच. आपल्याकडे १९९८ साली त्याच नावाची परिषद आली. अमेरिकेतलं मूळ मात्र अशा अडवणुकीत आहे.

अखेर तडजोड झाली. संरक्षणमंत्री आला, पण त्याच्या हाताखाली खातं नाही. दिमतीला तीन खास साहाय्यक. तिन्ही दलांचे मंत्री त्याला वळसा घालून थेट राष्ट्राध्यक्षांकडे जाऊ शकत. दलप्रमुखांच्या समितीला अध्यक्षच नव्हता. ही खुर्ची युद्धमंत्री रॉबर्ट पॅटरसन यांनी नाकारली. मग ती देण्यात आली फॉरेस्टल यांनाच.

ज्याचे पाय आपणच आखूड करून घेतले, त्या आसनावर आता स्वतः बसायचं! मार्च १९४८ मध्ये त्यांनी दलप्रमुखांना की वेस्टला नेऊन कामांची वाटणी करून घेतली. वॉशिंग्टनला परतल्यावर अणुबाँब कोण टाकणार, यावरून तंटा पुन्हा सुरू. वर्ष संपता संपता फॉरेस्टल यांनी स्वतःच्या पहिल्या अहवालात लिहून दिलं की मंत्र्याचे अधिकार वाढवा, दलप्रमुखांना अध्यक्ष द्या. मला हा कबुलीजबाब त्यांच्या सगळ्या डावपेचांपेक्षा मोठा वाटतो.

मार्च १९४९ मध्ये, मन पुरतं खचलेल्या अवस्थेत, ते पायउतार झाले. २२ मे रोजी बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयाच्या सोळाव्या मजल्यावरून पडून त्यांचा अंत झाला. मंत्र्याला खरे अधिकार आणि दलप्रमुखांना अध्यक्ष देणाऱ्या दुरुस्तीवर ट्रुमन यांची सही झाली १० ऑगस्टला, त्यानंतर ऐंशी दिवसांनी.