खडा केवढा, कुठे आणि किती कठीण?

विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं, म्हणून सकाळी निघण्याआधी पाणी प्यायचं टाळणारी माणसं, विशेषतः बायका, वसई-विरारच्या बहुतेक इमारतींत सापडतील. त्यात किनाऱ्यावरचा दमट उकाडा. घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते आणि तिच्यात विरघळलेल्या कॅल्शियम व ऑक्झलेटचे स्फटिक बनू लागतात. ते वाढत गेले की एखाद्या रात्री कमरेतून उठलेली कळ जांघेत उतरते, उलट्या होतात, माणूस ना बसू शकत ना पडू शकत. मुतखडा!

वसईत केळीच्या बागा असल्यामुळे इथला पहिला सल्ला बहुधा केळीच्या खांबाच्या रसाचा असतो. कुणी पानफुटीची पानं सुचवतं, कुणी कुळथाचं कढण. त्यानंतर खडा पडला की श्रेय त्या रसाला मिळतं. पण मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, साधारण ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यात उतरलेल्या ५ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश खडे आपोआपच बाहेर पडतात. खडा १० मिलिमीटरच्या पुढे गेला, की तो आपणहून पडण्याची आशा फारशी उरत नाही.

मग प्रश्न येतो, लेझर बरं की लिथोट्रिप्सी? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी तीन गोष्टी कळाव्या लागतात: खडा केवढा, कुठे आणि किती कठीण. सोनोग्राफी पहिला अंदाज देते, पण या तिन्हींचा नेमका पत्ता साध्या, म्हणजे रंगद्रव्य न टोचता केलेल्या सीटी स्कॅनमध्ये लागतो. स्कॅनच्या अहवालात ‘हाउन्सफील्ड युनिट’ असा एक आकडा असतो. तो १००० च्या वर असेल तर खडा टणक समजायचा.

शरीराला छेद न देता बाहेरून खडा फोडणाऱ्या लिथोट्रिप्सीचा उगम विमानांच्या कारखान्यात आहे. ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आदळला तर धातूत आघातलहर उठते. डॉर्निए या जर्मन विमान कंपनीचे अभियंते या लहरी अभ्यासत होते. पाण्यातून आणि शरीराच्या मऊ उतींतून ती लहर जवळपास विनाअडथळा जाते, कठीण खड्यावर मात्र आपली ताकद सोडते. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाचा खडा असा फोडला. तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवावं लागे. आता पाठीशी जेल लावलेली उशी पुरते.

पण लिथोट्रिप्सी खडा फक्त फोडते, चुरा शरीरालाच बाहेर टाकावा लागतो. म्हणून मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातला मोठा खडा तिला नीट साधत नाही. तुकडे होतात, पण चढ चढून बाहेर येत नाहीत. टणक खडाही दाद देत नाही. गर्भवती स्त्रिया आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेले रुग्ण यांच्यासाठी ती नाहीच.

लेझरची वाट म्हणजे आरआयआरएस, लघवीच्या मार्गाने थेट मूत्रपिंडात जाणारी लवचीक दुर्बीण. हिचं टोक आकड्यासारखं मागे वळतं, त्यामुळे खालचा कप्पाही दिसतो. तिच्यातून केसाइतकी बारीक काचतंतूची तार सरकवतात आणि होल्मियम किंवा थुलियम लेझरने खड्याची भुकटी करतात. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यालाही दुर्बीण आणि लेझर हीच वाट सोयीची. मूत्रपिंडातल्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांना आरआयआरएस चांगली लागू पडते.

तिसरी पद्धत पीसीएनएल. तिच्यात पाठीतून सुई घालून मूत्रपिंडापर्यंत वाट करतात. ‘पाठीला भोक पाडणार’ म्हटल्यावर घरचे घाबरतात आणि लेझरचाच आग्रह धरतात. मला हा आग्रह चुकीचा वाटतो. २ सेंटिमीटरहून मोठा किंवा हरणाच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला खडा लेझरने काढायला दोनतीनदा भूल घ्यावी लागू शकते. पीसीएनएलने तो बहुधा एका बैठकीत निघतो. रक्तस्रावाचा धोका हिच्यात जास्त, हेही खरं. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी ही पद्धत प्रथम वापरली. पुढे ८ ते १० मिलिमीटरची वाट रूढ झाली, आणि ती अरुंद करण्यात भारतीय डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. गुजरातमधल्या नडियादच्या मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटलच्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केवळ १.६ मिलिमीटर जाडीच्या, दृष्टी असलेल्या सुईतून लहान खडे फोडून दाखवले.

एका परिस्थितीत मात्र यातलं काहीच लगेच करायचं नसतं. खड्याने वाट अडली असेल आणि थंडी वाजून ताप आला असेल, तर ती आणीबाणी आहे. आधी तुंबलेली लघवी नळीने मोकळी करायची, जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा, खडा नंतर. अशा वेळी घरगुती काढ्यावर एक रात्रही घालवू नये.

खडा काढला तरी खडे बनण्याची प्रवृत्ती तशीच राहते. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याला आपण दोष देतो; तसा ठाम पुरावा नाही. पाणी किती प्यायलं यानं फरक पडतो, याचा पुरावा मात्र आहे. इटलीतल्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. दिवसाला किमान दोन लिटर लघवी व्हावी इतकं पाणी पोटात जायला हवं. लोकलने जाणाऱ्यांनी ते कार्यालयात पोहोचल्यावर आणि घरी परतल्यावर भरून काढावं.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि घरी जाताना एक गोष्ट विसरू नका. शस्त्रक्रियेनंतर आत बहुतेकदा डीजे स्टेंट नावाची मऊ नळी ठेवलेली असते. दुखणं थांबल्यावर ती विसरली जाते, महिनोन्महिने आत राहिली की तिच्यावरच खडे चढतात आणि ती काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. डिस्चार्ज कार्ड हातात घेतल्याबरोबर स्टेंट काढायची तारीख डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्या.