आज नुसती खिचडी

‘स्वयंपाक झटपट झाला’ असं आपण म्हणतो, तेव्हा मोरी हिशेबात धरलेलीच नसते. पिठलं दहा मिनिटांत होतं. पण मागं कढई, पळी, भाकरीचा तवा, परात आणि भाताचं पातेलं उरतं. स्वयंपाक मोजायचा तो शेवटचं भांडं पालथं घालेपर्यंत!

म्हणून दमून आल्यावर मुगाच्या डाळीची खिचडी. कुकरमध्येच तुपाची फोडणी करायची: जिरं, हिंग, हळद, किसलेलं आलं. त्यावर वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, मीठ आणि साडेचार वाट्या पाणी. वाफ कोंडली की आतलं पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं. म्हणून तीन-चार शिट्ट्यांत काम भागतं. वाढायचं तेही कुकरमधूनच. रिकामा होताच त्यात पाणी ओतून ठेवावं, म्हणजे खरवड आपसूक सुटते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता; ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आमची आई मात्र ‘आज नुसती खिचडीच हं’ म्हणताना ओशाळायची. ताटात चार पदार्थ नसले, तर जणू तिचंच काही चुकलं!

चुकलं आमचं. पापड आम्ही भाजायला हवा होता, लोणचं आम्ही वाढायला हवं होतं आणि तिनं गरम खिचडी सगळ्यांबरोबर बसून खायला हवी होती.

आणि कुकर? घासायला तो एकच तर होता.