गुणांचे यश आणि मनाचे समाधान : दक्षिण कोरियातील विद्यार्थ्यांचा अनुभव

परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी सुखी असलाच पाहिजे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे झाल्यास दक्षिण कोरियाचे उदाहरण फार उद्बोधक ठरते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१२ साली पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी घेतली, तीत संघटनेच्या सभासद देशांमध्ये गणितात दक्षिण कोरियाचा क्रमांक पहिला लागला. त्याच वेळी विद्यार्थ्यांना आणखी एक साधा प्रश्न विचारण्यात आला होता : शाळेत तुम्हांला आनंद वाटतो काय? सभासद देशांत सरासरीने शंभरांपैकी ८० विद्यार्थ्यांनी होकार दिला. कोरियात तो केवळ ६० विद्यार्थ्यांनी दिला आणि हे प्रमाण चाचणीत भाग घेणाऱ्या सर्व देशांत सर्वांत कमी होते. पुढे २०१५ साली आपल्या आयुष्याविषयीचे समाधान शून्य ते दहा या मापावर सांगावयास लावले, तेव्हा सभासद देशांची सरासरी ७.३ आली, कोरियाची ६.४ आली.

हा केवळ आकड्यांचा विरोधाभास नव्हे. त्या देशात तरुण वयातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या हे गेली अनेक वर्षे पहिले कारण आहे. अशा घटनेमागे अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात. सर्व दोष परीक्षेच्या माथी मारणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढे कष्ट घेतले, त्याच समाजातील मुले आपल्या आयुष्याविषयी इतकी असमाधानी का असावीत, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने विचार करण्याजोगा आहे.

विद्यार्थ्यांचा दिनक्रम

कोरियात प्राथमिक शिक्षण सहा वर्षांचे, त्यानंतर माध्यमिक तीन वर्षांचे व उच्च माध्यमिक तीन वर्षांचे असते. शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होते. उच्च माध्यमिक शाळेच्या अखेरीस, नोव्हेंबरमध्ये, विद्यापीठप्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा होते. ‘सुनुंग’ या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा १९९३ पासून घेतली जाते. सकाळी सुरू झालेली परीक्षा सायंकाळपर्यंत चालते. त्या दिवशी रस्ते मोकळे राहावेत म्हणून कचेऱ्या उशिरा उघडतात, उशीर झालेल्या विद्यार्थ्यांना पोलीस आपल्या वाहनातून केंद्रावर पोहोचवितात आणि इंग्रजीच्या श्रवणचाचणीच्या वेळी सुमारे अर्धा तास विमानांचे उड्डाण व उतरणे थांबविले जाते. संपूर्ण राष्ट्र मुलांच्या पाठीशी उभे राहते, हे दृश्य हृद्य खरे. परंतु आपल्या एका दिवसाकडे सारे राष्ट्र श्वास रोखून पाहत आहे, ही जाणीव सतरा-अठरा वर्षांच्या मनावर केवढे ओझे टाकीत असेल!

दिवसाची शाळा संपली की खासगी शिकवणीचे वर्ग सुरू होतात. ते रात्री फार उशिरापर्यंत चालू नयेत म्हणून सेऊल शहरात रात्री दहाची मर्यादा घालावी लागली. उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांची झोप सरासरीने सहा तासांच्या आसपासच असते. चार तास झोपेल तो उत्तीर्ण, पाच तास झोपेल तो अनुत्तीर्ण, अशा अर्थाची म्हणच तेथे रूढ आहे.

मनाच्या तीन गरजा

अभ्यास पुष्कळ असतो म्हणून मूल दुःखी होते, एवढेच उत्तर मात्र पुरेसे नाही. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचा विचार करता असे आढळले की, अभ्यासाला दिलेले तास आणि आयुष्यातील समाधान यांचा सरळ संबंध लागत नाही. तेव्हा तासांपेक्षा त्या तासांत मनाचे काय होते, हे पाहिले पाहिजे. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यासंबंधी एक उपयुक्त विचार मांडला आहे. अन्नपाण्याप्रमाणे मनालाही तीन गरजा असतात : आपण करतो ते आपल्या इच्छेने करीत आहोत ही भावना, आपल्याला काही साधते ही जाणीव, आणि आपण कोणाला तरी हवे आहोत हा विश्वास. या तिन्ही गरजांच्या दृष्टीने कोरियन विद्यार्थ्याची स्थिती तपासून पाहू.

पहिली गरज स्वेच्छेची. शाळेतच रात्री बसून अभ्यास करण्याची तेथील जी प्रथा आहे, तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘रात्रीचे स्वयंस्फूर्त अध्ययन’ असा होतो. प्रत्यक्षात मात्र अनेक शाळांतून ते वर्षानुवर्षे सक्तीचे होते. जेथे स्वेच्छा ही नावापुरती उरते, तेथे मूल पुस्तकासमोर बसते, परंतु ज्ञानाचा आनंद त्याला भेटत नाही. ते अभ्यास करते तो भीतीपोटी. आणि भीतीने केलेल्या कामाचे फळ मिळाले तरी त्यात समाधानापेक्षा सुटकेचा निःश्वासच अधिक असतो.

दुसरी गरज सामर्थ्याच्या जाणिवेची. येथे तुलनेचा प्रश्न उपस्थित होतो. मनुष्य स्वतःची योग्यता इतरांशी ताडून पाहतो, हे लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ साली सिद्धांतरूपाने मांडले. ही स्वाभाविक प्रवृत्ती आहे; परंतु शाळेची गुणपद्धतीच जर तुलनेवर उभी असेल तर तिचे व्यसन होते. कोरियातील उच्च माध्यमिक शाळांतून बरीच वर्षे नऊ श्रेणींची पद्धती होती. विषय कितीही चांगला येवो, पहिली श्रेणी शंभरांत पहिल्या चौघांनाच मिळावयाची. म्हणजे शेजारच्या बाकावरील मित्र जितका पुढे जाईल, तितके आपले स्थान मागे सरणार! अशा वर्गात मित्राला उदाहरण समजावून सांगणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो, आणि शंभरांपैकी शहाण्णव मुलांना, त्यांनी प्रगती केलेली असूनही, आपण कमी पडलो असेच वाटत राहते. २०२५ पासून उच्च माध्यमिक शाळेत प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी या श्रेणी पाच करण्यात आल्या असून पहिली श्रेणी आता शंभरांत दहांना मिळते. दार थोडे रुंद झाले. रांग मात्र कायम आहे.

तिसरी गरज जिव्हाळ्याची. कोरियन कुटुंबांत मातापित्यांविषयीच्या कर्तव्याला कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीमुळे फार मोठे स्थान आहे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन शिकवणीचे शुल्क भरतात आणि मुलाला त्याची जाणीव असते. ही जाणीव प्रेमाच्या पोटी असेल तर ती बळ देते. परंतु आपले गुण म्हणजे आईबापांचे फेडावयाचे ऋण असे मुलाला वाटू लागले, तर कमी गुणांबरोबर त्याला प्रेमही गमावण्याचे भय वाटते. कोरियन संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या सुखाचा अभ्यास करताना आत्मसन्मान, पालकांचा आधार, मैत्री आणि अभ्यासाचा ताण या गोष्टींचा पुनःपुन्हा विचार केला आहे. स्थूलमानाने त्यांचा निष्कर्ष असा की, जेथे आत्मसन्मान व आपुलकीचा आधार अधिक तेथे समाधान अधिक, आणि जेथे ताण अधिक तेथे ते कमी. आपली किंमत आपल्या क्रमांकाइतकीच आहे असे ज्याला वाटत नाही, तो विद्यार्थी त्याच परीक्षेस अधिक स्वस्थ मनाने सामोरा जातो.

मुळ्याच्या रसाची गोष्ट

हे ओझे उच्च माध्यमिक शाळेतच सुरू होते असे नाही. १९६० च्या दशकात कोरियातील नामांकित माध्यमिक शाळांत प्रवेश मिळविण्यासाठी प्राथमिक शाळेतील मुलांनाच स्पर्धापरीक्षा द्यावी लागे. डिसेंबर १९६४ मध्ये सेऊल येथील परीक्षेत, तांदळापासून गोड वडी करताना मोड आलेल्या सातूऐवजी काय घालता येईल, असा प्रश्न विचारला होता. अपेक्षित उत्तर होते ‘डायास्टेज’. अनेक मुलांनी ‘मुळ्याचा रस’ असे लिहिले व त्यांचे उत्तर चूक धरले गेले. मुळ्यातही डायास्टेज असतेच. त्या एका गुणाने ज्यांचा प्रवेश हुकला त्यांच्या पालकांनी मुळ्याच्या रसाने खरोखरच वडी तयार करून ती शिक्षणाधिकाऱ्यांपुढे नेऊन ठेवली. प्रकरण न्यायालयात गेले. १९६५ साली पालकांच्या बाजूने निकाल होऊन ३८ मुलांना प्रवेश मिळाला. एका गुणावर बारा वर्षांच्या मुलाचे भवितव्य टांगणीला लागते, हे साऱ्या देशाने पाहिले.

पुढे १९६९ साली सेऊलमध्ये माध्यमिक प्रवेशाची परीक्षा बंद झाली. १९७४ पासून सेऊल व बुसान येथे उच्च माध्यमिक शाळांतही सोडतीने प्रवेश देण्यास प्रारंभ झाला. १९८० साली खासगी शिकवण्यांवर बंदी घालण्यात आली. ती २००० साली घटना न्यायालयाने रद्द ठरविली. या उपायांनी लहान मुलांच्या डोक्यावरील भार हलका झाला हे निःसंशय. परंतु तो नाहीसा न होता विद्यापीठाच्या दारापर्यंत सरकला. परीक्षा हलविता आली, क्रमांकावरून माणसाची पारख करण्याची वृत्ती मात्र हलली नाही. अलीकडे कोरियाने या वृत्तीलाही हात घालण्याचा प्रयत्न केला आहे. २००८ पासून शाळांतून समुपदेशनाच्या खोल्या सुरू झाल्या. माध्यमिक शाळेतील एक सत्र लेखी परीक्षेवाचून, आवडीच्या उपक्रमांसाठी ठेवण्याचा प्रयोग २०१३ साली आरंभून २०१६ पासून सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला.

प्राथमिक शिक्षकाने काय घ्यावे?

शिष्यवृत्ती व नवोदय प्रवेश यांच्या परीक्षांना आपल्याही शाळांतील मुले बसतात. या परीक्षा गरीब घरातील मुलाला पुढची वाट दाखवितात, म्हणून त्यांची तयारी मनापासून करून घेतलीच पाहिजे. मात्र तयारी करून घेताना मुलाच्या मनात काय रुजते, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. उपरोक्त आंतरराष्ट्रीय पाहणीतील एक निष्कर्ष आपणांस धीर देणारा आहे : विद्यार्थ्यांची धास्ती शाळेत किती चाचण्या होतात यावर अवलंबून नसते. अडलेल्या मुलाला शिक्षक जवळ घेऊन मदत करतात, असा अनुभव जेथे मुलांना येतो तेथे धास्ती कमी आढळते.

म्हणून गुण वाचून दाखविताना मुलाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच मागील महिन्याच्या वहीशी करावी. आठवड्यातून एखादा तास तरी काय वाचावे, काय करावे हे मुलांना निवडू द्यावे. ज्याला गणित येते त्याने न येणाऱ्याला शिकवावे आणि त्या शिकविण्याचे कौतुक वर्गासमक्ष व्हावे. अपेक्षेबाहेरचे उत्तर आले तर त्यावर चुकीची खूण करण्यापूर्वी मुलाला ‘हे तुला कसे सुचले?’ असे विचारावे. कदाचित त्याच्याही उत्तरात मुळ्याचा रस असेल. पालकसभेत निकाल सांगण्यापूर्वी प्रत्येक मुलाविषयी गुणांशी संबंध नसलेली एक चांगली गोष्ट सांगावी. आणि निकालानंतर जे मूल अचानक अबोल होते, शाळा चुकविते, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यावे. या भेटीस कोणताही खर्च लागत नाही, परंतु आपण कोणाला तरी हवे आहोत ही गोष्ट मुलाला त्या भेटीतून कळते.