कायदा करतं कोण, राबवतं कोण, तपासतं कोण?



चूल तीन दगडांवर उभी राहते. एक दगड खचला की भांडं कलंडतं. देशाचा कारभारही तिघांवर चालतो. संसद कायदा करते. सरकार, म्हणजे मंत्री आणि अधिकारी, तो राबवतं. आणि हे सगळं संविधानाला धरून आहे ना, ते न्यायालय तपासतं. तिन्ही कामं एकाच्याच हाती गेली, तर अन्याय झाल्यावर दाद कोणाकडे मागायची? म्हणून ही वाटणी.

आपल्या कामाचं एक उदाहरण घेऊ. १९९२ साली राजस्थानात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या एका कार्यकर्तीने बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला. त्या रागातून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा देशात वेगळा कायदाच नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

१३ ऑगस्ट १९९७ ला निकाल लागला. तो 'विशाखा' निकाल म्हणून ओळखला जातो. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींमध्ये सुजाता मनोहर या एक होत्या. न्यायालयाने नियम घालून दिले: कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी, तिची प्रमुख बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात. पण हेही सांगितलं, की संसद कायदा करेपर्यंतच हे नियम चालतील. कायदा करणं हे न्यायालयाचं काम नाही, ही मर्यादा त्याने पाळली.

संसदेला कायदा करायला पुढे सोळा वर्षं लागली. २०१३ साली तो झाला. आता पाळी सरकारची. दर जिल्ह्यात स्थानिक समिती नेमायची आणि ग्रामीण भागात दर तालुक्याला तक्रार घेणारा एक अधिकारी ठरवायचा. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथली बाई या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. घरकाम करणारीलाही तिथे दाद मागता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची, असं कायदाच सांगतो. उशीर का झाला याचं कारण पटलं, तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते.

पण कायदा झाला म्हणजे समित्या आपोआप उभ्या राहत नाहीत. २०२३ साली गोव्यातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीतल्या गंभीर उणिवांवर बोट ठेवलं आणि सरकारांना पुन्हा कामाला लावलं.

मैत्रिणींनो, गटाच्या येत्या बैठकीत एवढं एक काम घेऊ या. आपल्या तालुक्यात ही तक्रार घेणारा अधिकारी कोण, जिल्ह्याच्या समितीवर कोण आहे, हे तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारू. उत्तर आलं की नावं गटाच्या वहीत लिहून ठेवू. नाही आलं, तर पुन्हा विचारू.