दोन भाऊबंद भुंगे

चोपडे येथे शापोरा नदीच्या काठी एखाद्या माडाच्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्या, की ती गेंड्या भुंग्याची करणी समजावी. न उमललेल्या कोवळ्या झावळीत तो शिरतो. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. त्याचाच भाऊबंद शेणभुंगा मात्र शेण जमिनीत पुरून तिचा कस वाढवितो. प्राचीन मिसर देशात शेणाचा गोळा लोटणारा भुंगा उगवत्या सूर्याचे प्रतीक मानला जाई. शिंग दोघांनाही असू शकते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, भुंगा दिसताच चिरडू नका. शेजारी नाणे ठेवून वरून व बाजूने त्याचे छायाचित्र घ्या. तो माडावर सापडला की शेणात, हेही टिपून ठेवा. गेंड्या ठरल्यास खताचा खड्डा उपसून अळ्या वेचाव्यात. शेणभुंग्याला मात्र त्याचे काम करू द्यावे.